वाचनीय मजकुराचा शोध : सुरतेने घालून दिलेला धडा

(सुरत येथे मराठी शिक्षक, ग्रंथपाल, अधिकारी व ग्रामस्थ यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वाचावे, वाचनाने मनुष्याची दृष्टी विस्तारते, हा उपदेश आज नवा राहिलेला नाही. शाळेच्या भिंतीवर तो लिहिलेला असतो, सभा-संमेलनांतून तो ऐकावयास मिळतो. परंतु काय वाचावे आणि वाचण्याजोगे जे आहे ते नेमके कोठे शोधावे, या दुसऱ्या प्रश्नाकडे मात्र समाजाचे दुर्लक्ष झालेले आहे. उपदेश ऐकून एखादा होतकरू तरुण वाचावयास बसतो, हाती येईल ते चाळतो, त्यात त्याचे मन रमत नाही, आणि आपल्याला वाचनाची आवडच नाही असा निष्कर्ष काढून तो उठतो. वस्तुतः त्याला आवड नसते असे नव्हे; त्याच्या आवडीचा मजकूर त्याच्यापर्यंत पोहोचलेला नसतो.

पूर्वी ही अडचण दुर्भिक्ष्याची होती. गावात एखादी पोथी आणि शाळेतील क्रमिक पुस्तके, यापलीकडे छापील अक्षर दृष्टीस पडत नसे. आज परिस्थिती नेमकी उलट झाली आहे. खिशातील मोबाइलवर दिवसाकाठी इतका मजकूर येऊन कोसळतो, की तो वाचू म्हटले तर झोपेला वेळ उरणार नाही. तथापि विहीर आटलेली असो अथवा गावाला महापुराचा वेढा पडलेला असो, पिण्याच्या पाण्याची पंचाईत दोन्हीकडे सारखीच असते. म्हणूनच दुर्भिक्ष्याच्या काळात लोकांनी चांगला मजकूर कसा शोधला, हे पाहणे आजच्या विपुलतेच्या काळातही उपयोगाचे ठरते.

सुरत म्हटले की मराठी मनाला १६६४ आणि १६७० या सालांची आठवण होते. परंतु सुरतेचा आणि मराठी माणसाचा आणखीही एक संबंध आहे. तो पुस्तकांचा, लेखणीचा आणि शिक्षकांचा आहे. त्याची ओळख करून घेणे हा आजच्या व्याख्यानाचा हेतू होय.

पाच मित्रांची मंडळी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरतेचे जुने वैभव ओसरले होते. बंदराचा व्यापार मुंबईकडे गेला होता. १८३७ साली लागलेल्या भीषण आगीत नऊ हजारांवर घरे भस्मसात झाली. अशा खचलेल्या शहरात भूत-पिशाच, मंत्र-तंत्र आणि जादूटोणा यांचा पगडा वाढावा, यात नवल नव्हते. त्याच शहरात दुर्गाराम मंछाराम हे सरकारी गुजराती शाळेत शिक्षक होते. गुजरातीत शिक्षकाला मेहताजी म्हणत, म्हणून दुर्गाराम मेहताजी या नावाने ते ओळखले जात. मंत्रसामर्थ्याची प्रौढी मिरविणाऱ्यांना त्यांनी ते सिद्ध करून दाखविण्याचे जाहीर आव्हान दिले होते.

याच सुमारास सुरतेच्या इंग्रजी शाळेत एक मराठी शिक्षक काम करीत होते. त्यांचे नाव दादोबा पांडुरंग तर्खडकर. मराठी भाषेचे व्याकरण १८३६ साली छापून प्रसिद्ध करणारे हेच ते गृहस्थ. दुर्गाराम, दादोबा, दिनमणिशंकर, दलपतराम आणि दामोदरदास असे पाच स्नेही एकत्र आले. पाचही नावांचा आरंभ ‘द’ने होत असल्याने लोक त्यांना पाच दद्दे म्हणू लागले.

या मंडळींच्या उद्योगांपैकी एकाकडे विशेष लक्ष वेधणे अगत्याचे आहे. १८४२ साली सुरतेत पुस्तक प्रसारक मंडळी स्थापन झाली आणि तिने शिळाप्रेस मिळविला. चांगली पुस्तके मुंबईहून कधी तरी येतील, याची वाट पाहत हे शिक्षक बसले नाहीत. लोकांनी काय वाचावे याचा विचार करून ते छापण्याची व पसरविण्याची सोय त्यांनी आपल्याच गावात केली. पुढे २२ जून १८४४ रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. ईश्वर एक आहे, जातिभेद मानण्यास आधार नाही, अशा प्रश्नांवर दर रविवारी सभेत उघड चर्चा होई. वाचलेले बोलून पाहावे आणि बोललेले तपासून घ्यावे, अशी ही रीत होती.

१८४६ साली दादोबा मुंबईस गेले आणि १८५२ साली दुर्गाराम राजकोटास गेले. सभेचे काम मंदावले. परंतु विचार थांबला नाही. १८४३ साली, सुरतेच्या वास्तव्यात, दादोबांनी ‘धर्मविवेचन’ हा ग्रंथ लिहिला. तो छापून प्रसिद्ध व्हावयास १८६८ साल उजाडले. मधल्या काळात, १८४९ साली, मुंबईत परमहंस सभा निघाली, तिच्यामागेही दादोबांचेच विचार होते. एक चांगला मजकूर पंचवीस वर्षे छापखान्याबाहेर राहू शकतो, हे यावरून दिसते. तो नष्ट झाला नाही, कारण त्याची किंमत ओळखणारी माणसे होती.

शिक्षकाची रोजनिशी

दुर्गाराम मेहताजींनी आणखी एक गोष्ट केली, जिच्याकडे त्या काळी फारसे कोणाचे लक्ष गेले नसावे. सभेत काय बोलणे झाले, कोणी कोणता आक्षेप घेतला, मनात कोणते विचार आले, याची टिपणे ते नियमाने लिहून ठेवीत. गावातल्या एका शिक्षकाची ही रोजनिशी. तीत ना अलंकार, ना पांडित्याचा डौल. पुढे महिपतराम रूपराम नीलकंठ यांच्या हाती ही टिपणे आली आणि त्यांच्या आधारे त्यांनी १८७९ साली दुर्गारामांचे चरित्र प्रसिद्ध केले. मानवधर्म सभेविषयी आज जे काही नेमकेपणाने सांगता येते, त्यातील मोठा भाग या टिपणांमुळे सांगता येतो. मराठीच्या बाजूने दादोबांच्या आत्मचरित्राचीही अशीच कथा आहे. ते अ. का. प्रियोळकर यांनी संपादित करून १९४७ साली वाचकांपुढे ठेवले. तोवर दादोबांच्या मृत्यूला पासष्ट वर्षे लोटली होती.

या दोन्ही उदाहरणांचा अर्थ स्पष्ट आहे. वाचनीय मजकूर नेहमी नामवंतांच्या ग्रंथांतच असतो असे नाही. एखादा शिक्षक, एखादी परिचारिका, एखादा शेतकरी आपल्या कामाविषयी, आपल्या गावाविषयी, पाहिलेले तेवढेच प्रामाणिकपणे व नियमाने लिहितो, तेव्हा ते लेखन मोलाचे होते. आजही असे लिहिणारे पुष्कळ आहेत, आणि आता त्यांना छापखान्याची वाट पाहावी लागत नाही. उणीव आहे ती महिपतरामांची व प्रियोळकरांची, म्हणजे असे लेखन हुडकून काढून दुसऱ्याच्या हाती देणाऱ्या वाचकांची.

‘दांडियो’ची हाक

सुरतेचे दुसरे मोठे नाव म्हणजे कवी नर्मद. नर्मदाशंकर लालशंकर दवे यांचा जन्म २४ ऑगस्ट १८३३ रोजी सुरतेत झाला. १८५८ साली त्यांनी शिक्षकाची नोकरी सोडली आणि लेखणीवर निर्वाह करण्याचा निश्चय केला. त्याची झळ त्यांना पुढे सुमारे चोवीस वर्षे सोसावी लागली. १ सप्टेंबर १८६४ रोजी त्यांनी व त्यांच्या मित्रांनी ‘दांडियो’ नावाचे पाक्षिक काढले. रात्री लोक झोपेत असताना हाक देत फिरणाऱ्या पहारेकऱ्याचे काम या पत्राने करावे, अशी त्यामागील कल्पना होती. इंग्लंडात १७११ साली निघालेल्या ‘स्पेक्टेटर’ या पत्राचा नमुना त्यांच्यापुढे होता. लहान लहान लेख, चालू विषय, बोलीतली भाषा आणि निर्भीड मत, असे त्याचे स्वरूप होते. मुंबईत शेअरच्या सट्ट्याने माणसे वेडी झाली होती, तेव्हा ‘दांडियो’ने त्या वेडावरही टीका केली. १८६९ पर्यंत हे पत्र चालले. त्याच्या आगेमागे, १८६३ साली, सुरतेत निघालेले ‘गुजरातमित्र’ हे वृत्तपत्र तर आजतागायत चालू आहे.

मराठी वाचकाला येथे लोकहितवादींची शतपत्रे आठवल्यावाचून राहणार नाहीत. भाऊ महाजन यांच्या ‘प्रभाकर’ या साप्ताहिकातून १८४८ ते १८५० या काळात ही १०८ पत्रे प्रसिद्ध झाली. ज्यांनी ती अंकातून वाचली, त्यांना लेखकाचे खरे नाव छापील पानावर दिसत नव्हते. तरीही त्यांनी ती वाचली, त्यांवर वाद घातले आणि पुढील अंकाची वाट पाहिली.

यातून एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घ्यावयाची आहे. लेखकाने खरे नाव दिले आहे किंवा नाही, एवढ्यावरून लेखनाची पारख होत नाही. लोकहितवादी हे टोपणनावच होते. परंतु त्या पत्रांमागे एक संपादक उभा होता, अंकावर तारीख होती, आक्षेप घेणाऱ्याला उत्तर मागण्याचे ठिकाण ठाऊक होते. जबाबदारी घेणारा कोणी तरी असणे, ही विश्वासाची पहिली खूण होय.

गावोगाव फिरणारी पेटी

शहरातील वाचकाला सभा होती, पत्रे होती. १८५० साली सुरतेत अँड्र्यूज ग्रंथालयही निघाले होते. परंतु खेड्याचे काय? या प्रश्नाचे उत्तर सुरतेच्या शेजारीच मिळते. आज सुरत जिल्ह्यात मोडणारे कामरेज व पलसाणा हे तालुके त्या काळी बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतात होते. त्या संस्थानचे अधिपती महाराज सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचे. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. मुले लिहावयास-वाचावयास शिकली, परंतु शाळा सुटल्यावर त्यांच्या हाती वाचावयास काही नसेल, तर शिकलेले अक्षर विसरले जाईल, हे त्यांनी ओळखले. १९१० साली त्यांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना बोलावून घेतले आणि ग्रंथालयांची आखणी सुरू झाली.

त्या योजनेतील दोन गोष्टी आजही विचार करण्याजोग्या आहेत. पहिली, गावकऱ्यांनी वर्गणी जमविली म्हणजे तितकीच रक्कम प्रांत पंचायतीने व तितकीच संस्थानने घालावयाची. ग्रंथालय हे सरकारचे दान नसून गावाची मिळकत आहे, ही भावना त्यामुळे रुजली. दुसरी, फिरती ग्रंथालये. निवडक पुस्तके भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव पाठविल्या जात आणि ने-आणीचा खर्च संस्थान सोसत असे.

या पेटीचे मर्म तिच्या आकारात आहे. तीत शेकडो पुस्तके नसत, थोडीच असत. आणि ती निवडलेली असत. वाचकासमोर दहा हजार नावे ठेवली तर तो गोंधळतो. वीस ठेवली तर त्यांतील एखादे उचलतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली आपली पाच सूत्रे मांडली. प्रत्येक वाचकाला त्याच्या जोगे पुस्तक मिळावे, प्रत्येक पुस्तकाला त्याच्या जोगा वाचक मिळावा आणि वाचकाचा वेळ वाया जाऊ नये, असा त्यांतील तिहींचा आशय आहे. बडोद्याची पेटी हीच गोष्ट खेड्यात करीत होती.

आपोआप येणारा मजकूर

आता वर्तमानकाळाकडे वळू. मोबाइलवर जो मजकूर आपोआप समोर येतो, तो चांगला आहे म्हणून येतो असे नव्हे. ज्या मजकुराने माणसे थबकतात, चिडतात किंवा घाबरतात, तो यंत्रणा अधिक वेगाने पुढे ढकलते. यात धोका कोणता, हे सुरतेला शिकविण्याची आवश्यकता नाही. सप्टेंबर १९९४ मध्ये येथे प्लेगचे वृत्त पसरले. त्या वेळी मोबाइल नव्हते, तरी अफवा घरोघर पोहोचल्या आणि अवघ्या काही दिवसांत लाखो माणसांनी शहर सोडले. परप्रांतांतून आलेले कामगार मिळेल त्या वाहनाने गावी निघाले. प्लेग वेळीच दिलेल्या प्रतिजैविक औषधांनी बरा होतो, ही माहिती वैद्यकाच्या पुस्तकांत होती. परंतु घाबरलेल्या माणसाच्या हाती त्या घटकेला ती नव्हती. विश्वसनीय मजकूर कोठे मिळतो हे संकट येण्यापूर्वीच ठाऊक असावे लागते. आग लागल्यावर विहीर खणता येत नाही.

शोध आणि पारख

मग शोध घ्यावा कसा? काही साधे मार्ग सुचविता येतील.

एक. विषय नेमका करावा. ‘शेती’ एवढाच शब्द घेऊन शोधणाऱ्यास ढीगभर निरुपयोगी मजकूर मिळेल. ‘कपाशी, गुलाबी बोंडअळी, जळगाव जिल्हा’ असे शोधणाऱ्यास कामाचा मजकूर मिळण्याचा संभव अधिक. पीक, गाव, वर्ष आणि अडचण यांची नावे घेऊन प्रश्न विचारावा.

दोन. एका चांगल्या लेखकाकडून दुसऱ्याकडे जावे. ज्याचे लेखन मनास पटले, तो स्वतः कोणाचे वाचतो, कोणाचा उल्लेख करतो, ते पाहावे. दुर्गारामांच्या मागे गेले की दादोबा भेटतात, आणि दादोबांच्या मागे गेले की परमहंस सभेची मंडळी भेटतात. वाचनाची वाट अशीच एका घरातून दुसऱ्या घरात जाते.

तीन. याद्या व कोश यांचा उपयोग करावा. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची सूची अपार कष्टाने सिद्ध केली. मराठी विश्वकोश तर आता इंटरनेटवर विनामूल्य वाचता येतो. कोणत्याही विषयाचा आरंभ तेथून केल्यास पाय घसरण्याची भीती कमी राहते.

चार. एका लेखावरून लेखकाविषयी मत बनवू नये. त्याचे पाच-सहा लेख वाचावेत. तारीख दिली आहे काय, माहिती कोठून घेतली ते सांगितले आहे काय, चूक दाखविली असता ती दुरुस्त केली जाते काय, आणि स्वतः पाहिलेले व ऐकीव यांत लेखक भेद करतो काय, हे तपासावे. या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक मिळाली, तर तो लेखक वाचनास पात्र आहे असे समजावे. त्याची सर्वच मते पटली पाहिजेत असे मात्र नाही. ‘दांडियो’च्या सर्व वाचकांना नर्मद पटत होते असे कोण म्हणेल?

गावात आणि शाळेत काय करता येईल

सुरतेत आणि तिच्या उपनगरांत मोठ्या संख्येने मराठी कुटुंबे राहतात. जळगाव, धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांतून आलेली माणसे येथील कापडउद्योगात राबतात. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत गुजरातीबरोबर मराठी माध्यमाच्याही शाळा आहेत. परंतु पुढील शिक्षण दुसऱ्या भाषेत झाले, म्हणजे मुलाचे मराठी वाचन हळूहळू सुटते. आजोबांचे गावाहून आलेले पत्र नातवाला वाचता येऊ नये, ही गोष्ट कोणत्याही घराला उणेपणा आणणारी आहे. यास उपाय उपदेशाचा नव्हे, मजकुराचा आहे. त्या मुलाला आवडेल असा मराठी मजकूर कोणी तरी शोधून त्याच्या हाती द्यावयास हवा.

हे काम शिक्षकाला करता येण्याजोगे आहे. वर्गात आठवड्यातून एक तास असा ठेवावा, की ज्यात प्रत्येक मुलाने आपण वाचलेल्या एका लेखाविषयी चार वाक्ये सांगावीत : तो कोठे मिळाला, कोणी सुचविला, त्यात नवे काय होते आणि तो दुसऱ्याने का वाचावा. शेवटचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे. कारण न सांगता पुढे पाठविलेला मजकूर हा ओझे असतो. कारण सांगून दिलेला मजकूर ही भेट असते.

ग्रामस्थांना व ग्रंथपालांना यासाठी खर्च करावा लागणार नाही. वाचनालयाच्या दाराशी एक फळा आणि आत एक वही पुरे. फळ्यावर दर आठवड्यास पाचच नावे लिहावीत. त्यांत एखादे पुस्तक, एखादा नियतकालिकातील लेख, एखादे इंटरनेटवरील लेखन असावे, आणि प्रत्येक नावासमोर ते सुचविणाऱ्या गावकऱ्याचे नाव असावे. वहीत वाचणाऱ्यांनी आपले मत नोंदवावे. नाव लिहावयाचे म्हटले, की सुचविणारा दोनदा विचार करतो. अफवेला नाव नसते. शिफारशीला ते असलेच पाहिजे. ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी यांतील एखादा लेख पारावर मोठ्याने वाचून दाखविण्यास कोणाचीही हरकत असणार नाही. अधिकाऱ्यांनीही दौऱ्यावर असताना वाचनालयात डोकावून ती वही पाहावी. खेड्यातील माणसे काय शोधत आहेत आणि त्यांना काय मिळत नाही, हे तीवरून कोणत्याही अहवालापेक्षा लवकर कळेल.

श्रोतेहो, दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी या शहरात कोणाच्याही हाती मोठे साधन नव्हते. एक शिळाप्रेस, रविवारची एक बैठक, एका शिक्षकाची वही आणि मोजक्या पानांचे एक पाक्षिक, एवढ्यावर त्या मंडळींनी काम केले. दोन भाषा बोलणारे शिक्षक एकमेकांच्या शेजारी बसले आणि एकाने वाचलेले दुसऱ्याला दिले. आज साधने उदंड आहेत. देण्या-घेण्याचा तो परिपाठ मात्र पुन्हा सुरू करावा लागेल. त्याचा आरंभ येत्या आठवड्यातही होऊ शकेल. येथे उपस्थित असलेल्या प्रत्येकाने वाचनीय असा एकच मजकूर शोधावा, तो पूर्ण वाचावा आणि तो का आवडला हे सांगून एका शेजाऱ्याच्या हाती द्यावा. एवढे झाले, तरी आजच्या या सभेचे प्रयोजन सफल झाले असे म्हणता येईल.